घरशिक्षणातील प्रत्यक्ष विज्ञान आणि नोंदवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची दोन्ही मुले, थोरली बारा वर्षांची आणि धाकटा आठ वर्षांचा, शाळेत न जाता घरीच शिकतात. आम्ही अंबाजोगाईला राहतो आणि सासरची शेती केज तालुक्यात आहे, त्यामुळे मुलांचा निम्मा आठवडा शेतावर जातो. होमस्कूलिंग करणारे किंवा करू पाहणारे पालक लातूर, परभणी, नांदेड, जालना अशा ठिकाणांहून विज्ञानाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले आहे. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विज्ञानाची नोंदवही म्हणजे नेमके काय? शाळेतल्या प्रयोगवहीपेक्षा ती वेगळी कशी?

प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे ठरलेले भाग असतात, आणि बहुतेक वेळा निष्कर्ष आधीच ठाऊक असल्यामुळे निरीक्षण त्याला जुळेल असे लिहिले जाते. नोंदवहीत मुलाने जे पाहिले तेच येते, मग ते पुस्तकाशी जुळो वा न जुळो. आमच्या घरी चारच गोष्टी सक्तीच्या आहेत: तारीख, वेळ, जागा आणि मोजले असेल तर एककासह आकडा. बाकी चित्र, वाक्य, चिकटवलेले पान किंवा आजीचे सांगणे, जे सुचेल ते.

एक उदाहरण देते. मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की पाऊस येतो, हे आमच्याकडे सगळे म्हणतात. धाकट्याने न्हाणीजवळच्या भिंतीवर अशा मुंग्या पाहिल्या की तारीख लिहायची आणि पुढचे तीन दिवस पाऊस आला की नाही हे त्याच ओळीत नोंदवायचे, असे एक पूर्ण पावसाळाभर केले. काही वेळा पाऊस आला, काही वेळा आला नाही. मुंग्यांनी तोंडात धरलेले पांढरे दाणे भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यांतले बरेचसे अंडी नसून अळ्या आणि कोश होते, हेही त्याला तिथेच कळले. या नोंदींना निष्कर्ष नाही, तरीही आमच्या मते ते त्या वर्षीचे त्याचे सर्वांत चांगले पान आहे.

२. मुलाला अजून लिहिता येत नाही. मग वही कशी ठेवायची?

मुलाने चित्र काढावे आणि सांगावे, मोठ्यांनी ते त्याच्याच शब्दांत खाली लिहावे. वाक्य सुधारू नये. मूल ‘माती फुगली’ म्हणाले तर ‘मातीचे आकारमान वाढले’ असे लिहू नये. चार वर्षांच्या मुलालाही तीन काड्यांतली लांब कोणती हे सांगता येते, आणि मोजमापाची सुरुवात तिथूनच होते.

३. वही कोणती घ्यावी आणि ती मराठीत लिहावी की इंग्रजीत?

एका बाजूला कोरे आणि दुसऱ्या बाजूला रेघांचे पान असलेली जाड पुठ्ठ्याची प्रयोगवही कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, आणि तीच सर्वांत सोयीची आहे. सुटे कागद टाळावेत, कारण ते हरवतात आणि न आवडलेले पान काढून टाकण्याचा मोह होतो. भाषा मूल ज्या भाषेत विचार करते ती असावी. आमच्या वह्या मराठीत आहेत आणि त्यांत तुराटी (तुरीची वाळलेली काडी), बरड, वापसा, आभाळ गच्च होणे असे शब्द आहेत. पुढे लागणाऱ्या इंग्रजी संज्ञा थोरली वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळ्या लिहून ठेवते.

४. घरी प्रयोगशाळा नाही. किमान काय काय लागेल?

मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, भिंग, स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा, मिलिलिटरच्या खुणा असलेले औषधाचे माप, खोलीचे तापमान दाखवणारा तापमापक आणि घड्याळ एवढ्यावर आमची पहिली दोन वर्षे गेली. काचेच्या बरण्या घरात असतातच. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचे अरविंद गुप्ता यांचे काम मराठीतही उपलब्ध आहे, आणि त्यातली निम्मी साधने काड्यापेटी, सायकलची ट्यूब आणि झाडूच्या काड्या एवढ्यातच होतात. महागडे विज्ञान संच घेण्याची घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. संचात उत्तर आधीच बांधून दिलेले असते.

५. पहिला प्रकल्प कोणता घ्यावा?

पाऊस मोजावा. तोंडापासून बुडापर्यंत सारख्याच रुंदीचे कोणतेही भांडे चालते. प्लास्टिकची बाटली घेतली तर निमुळता भाग कापून तो उलटा करून वर बसवावा, बुडाचा ओबडधोबड भाग बुडेल इतके पाणी आधी घालून तिथे शून्याची खूण करावी आणि त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. भांडे भिंती आणि झाडांपासून दूर ठेवावे. भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर असले तर बरे. हवामान खाते सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते, म्हणून आपणही तीच वेळ पाळावी, म्हणजे आपला आकडा वर्तमानपत्रातील तालुक्याच्या आकड्याशेजारी लिहिता येतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे एकदा मुलाच्या हाताखालून गेले की पुढचे गणित ते स्वतःच मांडते: पन्नास चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर हजार लिटर पाणी पडले, म्हणजे गच्चीवरची टाकी भरली असती. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर महसूल खाते त्या मंडळात अतिवृष्टी मानते. या दोन संख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. अतिवृष्टीच्या पंचनाम्याच्या बातम्या मुले मग वेगळ्या नजरेने ऐकतात.

तारखांच्या जोडीला नक्षत्रांचा रकाना अवश्य ठेवावा. ७ किंवा ८ जूनला मृग लागते, त्यानंतर साधारण तेरा-चौदा दिवसांनी आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असे पुढे हस्त-चित्रापर्यंत. आजोबांची स्मृती नक्षत्रांत असते आणि हवामान खात्याची महिन्यांत. दोन्ही रकाने शेजारी असले की ‘यंदा आर्द्रा कोरडी गेली’ हे वाक्य आकड्यांवर तपासून पाहता येते.

६. जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि पावसाने ताण दिला. वहीत रोज शून्यच लिहायचे का?

होय, रोज लिहायचे. शून्य ही मोजलेली नोंद आहे आणि रिकामी जागा म्हणजे मोजलेच नाही. हा भेद नोंदवहीचा पाया आहे, आणि मराठवाड्यातल्या मुलांना तो शिकण्याची संधी दुर्दैवाने भरपूर मिळते. थोरलीच्या वहीत एका वर्षी सलग दोन पाने शून्यांची आहेत. त्या दिवसांत तिने आणखी दोन गोष्टी मोजल्या: उघड्यावर ठेवलेल्या परातीतील पाणी दिवसाला किती मिलिमीटरने खाली जाते, आणि सोयाबीनची पाने दुपारी किती वाजता मान टाकतात. पावसाचा खंड वाढत गेला तशी मान टाकण्याची वेळ अलीकडे सरकत गेली. पिकाचा ताण हा शब्द तिला पुस्तकातून समजावून द्यावा लागला नाही.

७. आमच्या भोवती फक्त काळी माती आहे. तिच्यावर काय करता येईल?

फक्त काळी माती आहे असे म्हणू नये. तिच्यावर वर्षभर पुरेल इतके काम आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्यापासून बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण तयार झाला. वेरूळचे कैलास लेणे ज्या खडकात वरून खाली कोरत आणले, तोच हा खडक. आणि तो झिजून बनलेली माती म्हणजे आपले शेत. हिच्यातील चिकणमातीचे कण पाणी घेऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात.

दोन सारख्या पेल्यांत समान उंचीपर्यंत वाळलेली, कुटून चाळलेली काळी माती आणि मुरमाड माती घालावी, दोन्हींत सारखेच पाणी हळूहळू ओतावे आणि दुसऱ्या दिवशी पातळी मोजावी. काळी वर आलेली दिसते, मुरमाड जवळजवळ तिथेच राहते. त्यानंतर बरणीचा प्रयोग करावा: एक तृतीयांश माती, बाकी पाणी, खूप हलवून स्थिर ठेवणे. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा (वाळूहून बारीक गाळ) काही तासांत, पण काळ्या मातीचे पाणी कित्येक दिवस गढूळ राहते. दोन बरण्या करून एकीत चिमूटभर तुरटी टाकली की आजीच्या रांजणात तुरटी का फिरवत असत, हे डोळ्यांसमोर घडते.

फेब्रुवारीनंतर शेतातील भेगा मोजाव्यात. दर आठवड्याला त्याच भेगेची रुंदी पट्टीने आणि खोली तुराटीने मोजावी. भेगेत हात कधीही घालू नये, कारण तिथे विंचू असतात आणि सापही असू शकतो (इतर धोक्यांसाठी प्रश्न १३ पाहावा). घराच्या भिंतींना उन्हाळ्यात तडे का जातात आणि पाया मुरमापर्यंत का नेतात, हा पुढचा प्रश्न मुले आपणहून विचारतात. गावातील गवंड्याने आमच्या मुलांना त्याचे उत्तर आमच्यापेक्षा चांगले दिले.

८. आम्ही दोघेही विज्ञान शिकलेलो नाही. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर?

मीही कला शाखेची आहे. उत्तर येत नसेल तर प्रश्न जसाच्या तसा वहीत लिहावा आणि त्यापुढे जागा सोडावी. त्यानंतर पाहावे की गावात हे कोण रोज करते. शेतकरी, सुतार, मोटारीचे वाइंडिंग भरणारा मिस्त्री, दूध केंद्रावर दुधाचे फॅट मोजणारा माणूस, हे सर्व मोजमापाची माणसे आहेत.

आमच्या घरातील पहिला शिस्तशीर प्रयोग आजोबांनी शिकवला. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरण्याआधी कृषी विभाग जी उगवणक्षमता चाचणी करायला सांगतो, तीच ही. न निवडता शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे चांगले. या एका चाचणीत नमुना, टक्केवारी आणि पूर्वग्रह टाळणे हे तिन्ही आले, कारण धाकट्याने टपोरे दाणे निवडायला घेतले तेव्हा आजोबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, “रानात काय निवडून पेरणार आहेस का?” मळणीत आदळलेले दाणे वेगळे मांडून दुसऱ्या वर्षी तुलना केली, सोयाबीनचे साल पातळ असल्याने मार लागलेले दाणे कमी उगवतात, हे तिथे दिसले.

९. प्रयोग फसला तर ते पान ठेवावे की फाडावे?

ठेवावे. न चुकता ठेवावे. आम्ही बोअरच्या पाण्याचा जडपणा पाहण्यासाठी तीन बाटल्या घेतल्या: बोअरचे पाणी, पावसाचे साठवलेले पाणी आणि विकतचे जारचे पाणी. तिन्हींत कपडे धुण्याची पावडर सारखीच टाकून हलवली, आणि तिन्हींत सारखाच फेस आला. पुस्तक सांगते जड पाण्यात फेस कमी येतो. थोरलीने ‘तिन्ही सारखे’ असे लिहिले आणि मी, खरे सांगायचे तर, तिला पुन्हा नीट पाहा म्हणाले. तिने पुन्हा पाहून तेच लिहिले. तिचे बरोबर होते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाची साय धरते, पण पावडरमधील डिटर्जंटची तशी धरत नाही. नंतर साबण किसून त्याचे पाणी थेंबाथेंबाने घातले, तेव्हा बोअरच्या पाण्याला फेस येण्यासाठी कितीतरी जास्त थेंब लागले. पहिले पान फाडले असते तर साबण आणि पावडर यांतला फरक आम्हाला कळलाच नसता. मुलाची नोंद अपेक्षेशी जुळत नाही तेव्हा आधी आपली अपेक्षा तपासावी, हे मी त्या दिवसापासून पाळते.

१०. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा विज्ञान बंद ठेवावे का?

दुपारचे बाहेरचे काम बंद ठेवावे, मात्र एक दिवस वगळून. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशी नाहीशी होते. धाराशिव आणि लातूरकडे हा दिवस १२ ते १४ मेच्या सुमारास, नांदेड-परभणीकडे १६-१७ मेच्या सुमारास, तर जालना आणि छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेच्या सुमारास येतो. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

घड्याळात बारा वाजता मात्र ही सावली नाहीशी होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून मे महिन्यात आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साधारण सव्वाबारा ते साडेबारा होतात. ओळंबा लावून पाइपचा तुकडा उभा करावा, बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी आणि मुलांना खुणेपुरतेच उन्हात जाऊ द्यावे. सूर्याकडे पाहायचे नाही, फक्त जमिनीकडे. नांदेडच्या एखाद्या कुटुंबाशी फोनवर वेळ जुळवून घेतली तर दोन गावांच्या मध्यान्हांतला मिनिटांचा फरक रेखांशाच्या फरकाशी ताडून पाहता येतो.

११. आम्ही टँकरचे पाणी विकत घेतो. पाण्याचे प्रयोग करणे योग्य आहे का?

पाणी वाया जाणारा कोणताही प्रयोग करू नये; तो करताना आपल्याला वाटणारा संकोच मूल बरोबर ओळखते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपल्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून आमच्याकडे नियम असा की प्रयोगाचे पाणी दुसऱ्या कामाला गेलेच पाहिजे: बरणीतले झाडाला, साबणाचे फरशीला. आणि पाण्याचा तुटवडा हाच प्रकल्प होऊ शकतो. गळणाऱ्या तोटीखाली तासभर माप ठेवून दिवसाचे लिटर काढणे याला एकही थेंब लागत नाही.

१२. रेशीमअळ्या पाळायच्या आहेत, पण कोष उकळतात हे कळल्यावर मुलगी रडली. प्रकल्प सोडून द्यावा का?

आमच्याकडेही हेच झाले होते. बीड आणि जालना भागात तुतीची लागवड बरीच आहे आणि जालन्याला कोषांची बाजारपेठ आहे, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याकडून थोड्या अळ्या आणि पाला मिळणे अवघड नाही. अळी सुमारे पंचवीस दिवसांत चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या अवस्थेत सर्वाधिक पाला खाते. रोज पाल्याचे वजन आणि दहा अळ्यांचे एकत्र वजन लिहिले तर आलेखाची रेघ शेवटच्या आठवड्यात एकदम उभी होते. तंबाखू मळलेला हात आणि फवारणी झालेला पाला या दोन्हींमुळे अळ्या मरतात, याची घरातील मोठ्यांना आधीच जाणीव द्यावी.

उकळण्याबद्दल मुलांपासून काही लपवू नये. कोषात एकच अखंड धागा असतो, सुमारे एक किलोमीटर किंवा त्याहून लांब, आणि पतंग बाहेर पडताना कोषाला भोक पडले की तो धागा सलग उलगडत नाही. म्हणून शेतकऱ्याला पतंग निघण्याआधीच कोष द्यावा लागतो, आणि तो आतल्या जिवासकट उकळला जातो. आमच्या मुलांनी आपले वीस कोष तसेच ठेवले, पतंग निघालेले पाहिले, अंडी पाहिली आणि फाटलेले कोष वहीत चिकटवले. शेजारच्या शेतकऱ्याच्या उपजीविकेला मात्र त्यांनी नावे ठेवू नयेत, एवढे आम्ही सांगितले. मुलीची इच्छा नसेल तर अळ्या पाल्यासह शेतकऱ्याला परत द्याव्यात आणि तुतीचे झाड ठेवावे.

१३. कोणत्या गोष्टी मुलांना अजिबात करू देऊ नयेत?

घरातील विजेच्या बोर्डाशी कोणताही प्रयोग नको. सेल आणि एलईडी पुरेसे आहेत, आणि बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत, कारण गिळल्यास ते जिवावर बेतते. हळदीच्या पाण्यात खाण्याचा चुना घालून लाल रंग पाहण्याचा प्रयोग सुंदर आहे, पण चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. चुना मोठ्यांनीच हाताळावा. फवारणीनंतरच्या कापसात किंवा तुरीत अळ्या शोधायला जाऊ नये आणि औषधांचे रिकामे डबे मापासाठी कधीही वापरू नयेत. पावसाळ्यात रात्री बेडूक किंवा पतंग पाहायला जाताना बूट आणि बॅटरी हवीच. घोणस, मण्यार आणि फुरसे या तिन्ही विषारी जाती आपल्याकडे आहेत.

१४. मुलाला प्रयोग आवडतात, पण लिहायचे म्हटले की ते उठून जाते.

लिहिणे एका ओळीवर आणावे आणि ते काम चालू असतानाच व्हावे, नंतर नव्हे. तरीही नको असेल तर काही महिने फक्त चित्र आणि आकडा पुरे. शुद्धलेखनाच्या चुका या वहीत लाल शाईने दुरुस्त करू नयेत.

१५. होमस्कूलिंग कायद्याने चालते का, आणि दहावीला या वह्यांचा उपयोग होतो का?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. पालकांना दंड किंवा शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही, आणि होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही. या स्थितीची पूर्ण कल्पना ठेवूनच निर्णय घ्यावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर बसता येते आणि तिच्या विज्ञान विषयात प्रात्यक्षिक असते. घरच्या वह्यांना तिथे गुण नाहीत. पण मोजण्याची आणि जसे दिसले तसे लिहिण्याची सवय प्रात्यक्षिकात उपयोगी पडते. ठरलेल्या आराखड्यात लिहिण्याचा सराव मात्र परीक्षेआधी वर्षभर वेगळा करावा.

१६. मुलाला किल्लारीच्या भूकंपावर प्रकल्प करायचा आहे. घरात त्या रात्री माणसे गमावलेली आहेत. काय करावे?

आधी घरातील त्या माणसाची परवानगी घ्यावी, आणि ती मिळाली नाही तर विषय तिथेच थांबवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, झालेल्या त्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गेली. आमच्याकडे एका नातेवाईक आजींनी बोलायचे ठरवले, पण त्यांनी माणसांविषयी न बोलता घराविषयी सांगितले: दीड हात रुंद भिंती, आत गोटे आणि मातीचा भराव, वर माळवद (लाकडांवर मातीचे सपाट छप्पर), आणि गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर चढवलेली पांढरी माती. मुलांनी तेवढेच विचारले आणि तेवढेच लिहिले.

इतक्या जाड भिंती का पडल्या, हा त्यानंतरचा प्रश्न हाताने तपासता येतो. ताटाखाली गोट्या ठेवून त्यावर खडे आणि ओल्या मातीच्या दोन सारख्या खोल्या बांधाव्यात, दोन्हींवर काड्या आणि मातीचे सारख्याच वजनाचे छप्पर घालावे, आणि एकीच्या चारही भिंतींना दाराच्या वरच्या पातळीवर सुतळीचा पट्टा गुंडाळावा. माती वाळल्यावर ताट पुढेमागे हलवावे आणि कितव्या हलवण्याला काय झाले ते दुसऱ्या मुलाने मोठ्याने सांगत लिहावे. आमच्या प्रयोगात सुतळी नसलेल्या खोलीचा कोपरा आधी सुटला, मग दोन भिंती एकमेकींपासून दूर झुकल्या आणि शेवटी छप्पर आत आले. हा क्रम थोरलीच्या वहीत तीन चित्रांत आहे, आणि चौथ्या चित्रात पट्टा बांधलेली खोली तडे जाऊनही उभी आहे.